खतावणीची घाई : व्यग्र सर्व्हर मधेच का थबकतात?

संगणकावरून पेनड्राइव्हवर एखादी मोठी फाइल उतरवताना पुष्कळांच्या नजरेस आलेली एक विसंगती आहे. प्रगतिपट्टी झपाट्याने शंभर टक्क्यांवर पोहोचते आणि नक्कल पूर्ण झाल्याचे पडद्यावर दिसते. तरीही पेनड्राइव्ह काढण्याची आज्ञा दिली की संगणक आणखी मिनिटभर थांबायला सांगतो, आणि न थांबता तो उपसून काढला तर फाइल अर्धवट निघते. काम झाले असेल तर थांबायचे कशासाठी आणि झाले नसेल तर ते झाल्याचे आधी सांगितले कसे, हा प्रश्न साधा वाटतो. परंतु हजारो लोकांची कामे एकाच वेळी उरकणाऱ्या सर्व्हरवर हाच प्रश्न गंभीर रूप घेतो. बँकेच्या किंवा कारखान्याच्या सर्व्हरकडून एरवी प्रत्येक मागणीला काही मिलिसेकंदांत उत्तर मिळत असते, पण ठरावीक अंतराने सगळेच काही सेकंद थबकते. त्या क्षणी प्रोसेसर जवळपास निवांत असतो, नेटवर्कवरही ताण नसतो, आणि थोड्या वेळाने काहीच घडले नसल्याप्रमाणे काम पुन्हा सुरू होते.

या थबकण्याचे मूळ बहुतेक वेळा डिस्कवरील लेखनात सापडते, आणि तेही लेखनाच्या एकूण प्रमाणापेक्षा ते कोणत्या क्षणी एकवटते यात अधिक असते. ही गोष्ट नीट समजावी अशी मांडणी ज्यांनी केली त्यांत जर्मन संशोधकांचा आणि जर्मनीतील कंपन्यांचा वाटा मोठा आहे. कायझर्सलाउटर्न, न्यूर्नबर्ग, पॉट्सडॅम आणि वाल्डॉर्फ ही गावे या विषयाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा येतात.

लिहिलेले नेमके कुठे असते?

एखादा प्रोग्राम फाइलमध्ये काही लिहितो तेव्हा ते अक्षर थेट डिस्कवर उमटत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम ते आपल्या ताब्यातील मुख्य स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, ठेवून घेते आणि प्रोग्रामला काम झाल्याचे लगेच कळवते. असा मजकूर तात्पुरता साठवण्यासाठी राखलेल्या जागेला बफर म्हणतात. ही जागा बहुधा ४ किलोबाइटच्या पानांत विभागलेली असते, आणि ज्या पानावरचा मजकूर बदलला आहे पण डिस्कवर अजून गेलेला नाही त्याला ‘डर्टी’, म्हणजे अजून न उतरवलेले, पान म्हणतात. अशी पाने डिस्कवर उतरवण्याची क्रिया म्हणजे फ्लश. पेनड्राइव्हच्या बाबतीत प्रगतिपट्टी बफरमधली नोंद मोजत असते, तर शेवटचे मिनिटभर चालतो तो फ्लश.

हा उशीर मुद्दाम केलेला असतो आणि त्यामागची कारणे भक्कम आहेत. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या फिरत्या डिस्कची तबकडी सेकंदाला १२० वेळा फिरते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचन-लेखन करणाऱ्या टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा वाट पाहावी लागते, शिवाय ते टोक योग्य पट्ट्यावर नेण्यात आणखी वेळ जातो. म्हणून इतस्ततः विखुरलेल्या ठिकाणी लिहायचे असेल तर अशी डिस्क सेकंदाला शंभर-सव्वाशे लेखनांच्या फारशी पुढे जात नाही, तीच डिस्क सलग लिहायचे असेल तर सेकंदाला शंभराहून अधिक मेगाबाइट सहज उतरवते. लेखन काही काळ अडवून धरले की शेजारच्या जागांची लेखने एकत्र करता येतात, त्यांचा क्रम सोयीचा लावता येतो, आणि अर्ध्या मिनिटात हजार वेळा बदललेला एखादा आकडा डिस्कवर एकदाच लिहून भागते. जे पुसूनच टाकायचे होते ते तर मुळात लिहावेच लागत नाही. फ्लॅश स्मृतीवर चालणाऱ्या एसएसडीत फिरणारा भाग नसतो, तरी तिथेही एकदा लिहिलेली जागा पुन्हा वापरण्यापूर्वी मोठा पट्टा एकदम पुसावा लागत असल्याने विखुरलेली छोटी लेखने महागच पडतात.

उशिराची दुसरी बाजू अशी की वीज गेली तर रॅममधले सर्व काही नाहीसे होते. म्हणून ज्या प्रोग्रामला खात्री हवी असते त्याच्यासाठी ‘एफसिंक’ ही आज्ञा आहे. या फाइलची सर्व पाने डिस्कवर पोहोचल्याशिवाय उत्तर देऊ नये, असे तिचे सांगणे असते. त्यामुळे एफसिंक मागणारा प्रोग्राम लेखन पूर्ण होईपर्यंत स्वस्थ उभा राहतो. व्यग्र सर्व्हरवरचा बराचसा प्रतीक्षाकाळ याच उभे राहण्यात जातो.

दोन उंबरठे आणि एकदम येणारा लोंढा

कुणीच एफसिंक मागितले नाही तरी पाने कधीतरी उतरवावीच लागतात. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हे काम पार्श्वभूमीत चालणारे फ्लशर करतात, आणि ते केव्हा जागे व्हावेत यासाठी काही उंबरठे ठरवलेले असतात.

*चौकट : लिनक्सची मूळ मांडणी*
*फ्लशर दर ५ सेकंदांनी पाहणी करतो आणि ३० सेकंदांहून जुनी झालेली डर्टी पाने उतरवायला घेतो. उपलब्ध स्मृतीच्या १० टक्के भाग अशा पानांनी भरला तर वयाचा विचार न करता पार्श्वभूमीतले लेखन सुरू होते. हे प्रमाण २० टक्क्यांकडे गेले तर लिहिणाऱ्या प्रोग्रामलाच थांबवून ठेवले जाते.*

हे आकडे टक्केवारीत आहेत, आणि अडचणीचे बीज तिथेच आहे. ज्या काळात सर्व्हरची स्मृती काही गिगाबाइटच असे त्या काळात दहा टक्के म्हणजे काही शे मेगाबाइट, आणि तेवढे लेखन डिस्क काही सेकंदांत उरकत असे. आज सर्व्हरमध्ये २५६ गिगाबाइट उपलब्ध स्मृती असेल तर पहिला उंबरठा २५ गिगाबाइटच्या पुढे जातो. डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट सलग लिहू शकत असली तरी एवढा साठा उतरवायला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागेल, आणि पाने विखुरलेली असतील तर त्याच्या कित्येक पट. या दरम्यान वाचनाची एखादी साधी मागणी आली तर ती त्याच डिस्कच्या रांगेत मागे उभी राहते. दुसरा उंबरठा ओलांडला गेला तर परिस्थिती आणखी बिघडते, कारण आता लिहिणारे सारेच प्रोग्राम रोखले जातात आणि प्रोसेसर रिकामा असूनही सर्व्हर गोठल्यासारखा दिसतो. मोठी स्मृती बसवल्यावर सर्व्हर सरासरीने वेगवान होतो, पण त्याचे थबकणे लांबते, हा अनुभव म्हणूनच चमत्कारिक मानण्याचे कारण नाही. अशा यंत्रांवर टक्केवारीऐवजी बाइटमध्ये मर्यादा घालण्याची सोय लिनक्समध्ये आहे, आणि त्या मर्यादा डिस्कच्या वेगाशी जुळवणे हाच तिचा खरा उपयोग आहे.

या क्षेत्रातल्या सुधारणांचा एक धागा न्यूर्नबर्गला जातो. १९९२ साली स्थापन झालेल्या सूझ या तिथल्या लिनक्स कंपनीत काम करीत असताना येन्स आक्सबो या डॅनिश तंत्रज्ञाने सीएफक्यू हा डिस्कच्या रांगेचा व्यवस्थापक लिहिला. प्रत्येक प्रोग्रामला डिस्कच्या वेळेचा न्याय्य वाटा मिळावा, हे त्याचे तत्त्व होते. मात्र बफरमधून उतरणाऱ्या लेखनापुढे हा न्याय अपुरा पडतो, कारण ते लेखन डिस्कपाशी येते तेव्हा ते मूळ प्रोग्रामच्या नावावर नसते, फ्लशरच्या नावावर असते, आणि लोंढा कुणी निर्माण केला हे व्यवस्थापकाला ओळखता येत नाही. आक्सबो यांनीच पुढे, सूझ सोडल्यानंतर, प्रत्येक डिस्कला स्वतंत्र फ्लशर देणारी रचना केली आणि ती डिसेंबर २००९ च्या लिनक्स २.६.३२ मध्ये आली. त्यापूर्वी सर्व डिस्कांसाठी फ्लशरांचा एकच सामाईक गट असल्याने एका संथ डिस्कपायी इतरांचेही काम अडू शकत असे. लिहिणाऱ्या प्रोग्रामला एकदम रोखण्याऐवजी त्याला वेगाच्या प्रमाणात बारीक बारीक विराम देण्याची पद्धत २०१२ च्या ३.२ या आवृत्तीत आली, आणि पार्श्वभूमीतल्या लेखनाने वाचनाला किती मागे रेटावे यावर बंधन घालणारी सोय २०१७ च्या ४.१० मध्ये, पुन्हा आक्सबो यांच्याकडून आली. या तिन्ही सुधारणांनी एकूण लेखन कमी झाले नाही. ते अधिक काळावर पसरले गेले आणि एकाच्या लेखनाचा भार दुसऱ्यावर पडणे कमी झाले.

कायझर्सलाउटर्न, १९८३

आतापर्यंतचे विवेचन ऑपरेटिंग सिस्टिमपुरते झाले. डेटाबेस, म्हणजे पैशांचे, मालाचे, आरक्षणांचे व्यवहार सांभाळणारी प्रणाली, हिला ‘बहुधा उतरले असेल’ एवढ्यावर भागवता येत नाही. ग्राहकाला ‘पैसे जमा झाले’ असे कळवल्यानंतर त्याच क्षणी वीज गेली तरी ते पैसे जमाच राहिले पाहिजेत. कायझर्सलाउटर्न विद्यापीठातील प्राध्यापक थेओ हेर्डर आणि पुढे स्टुटगार्ट येथे प्राध्यापक झालेले आंद्रेआस रॉयटर यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ‘एसीएम कम्प्युटिंग सर्व्हेज’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधात या प्रश्नाची जी फोड केली ती आजही पाठ्यपुस्तकांत तशीच शिकवली जाते. व्यवहार पूर्ण घडावा किंवा मुळीच घडू नये, तो नियमांशी सुसंगत असावा, एकाच वेळी चालणारे व्यवहार एकमेकांत मिसळू नयेत, आणि पूर्ण झालेला व्यवहार टिकावा, या चार अटींना ‘ॲसिड’ हे आज सर्वतोमुखी असलेले नाव याच निबंधाने दिले. परंतु थबकणाऱ्या सर्व्हरच्या दृष्टीने त्याहून मोलाचे आहे ते त्यातले वर्गीकरण, ज्याची कीर्ती मात्र त्या नावाच्या मानाने फारच थोडी आहे.

ते समजण्यासाठी जुन्या पेढीवरची कीर्द-खतावणीची पद्धत उपयोगी पडते. पेढीवर व्यवहार झाला की तो प्रथम रोजकीर्दीत लिहिला जाई. तिथे व्यवहार घडले त्या क्रमाने एकाखाली एक नोंदले जात असल्याने पान शोधावे लागत नसे. पुढे सवडीने प्रत्येक नोंद खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवली जाई, आणि त्यासाठी पुष्कळ पाने उलटावी लागत. डेटाबेसमधील लॉग म्हणजे ही कीर्द, आणि विखुरलेली डेटा-पाने म्हणजे खतावणी. एका खात्यातून दुसऱ्यात रक्कम वळवताना दोन खात्यांची पाने, त्यांच्या सूचींची पाने अशी चार-पाच पाने बदलतात. फिरत्या डिस्कवर ती वेगवेगळ्या ठिकाणी लिहायला पन्नासेक मिलिसेकंद लागू शकतात. कीर्दीतली नोंद मात्र एकाच सलग लेखनात होते.

हेर्डर आणि रॉयटर यांनी विचारलेला पहिला प्रश्न हाच होता की, व्यवहार पूर्ण झाल्याचे सांगण्यापूर्वी त्याने बदललेली सर्व डेटा-पाने सक्तीने डिस्कवर उतरवायची का? उतरवायची असतील तर त्या धोरणाला त्यांनी ‘फोर्स’ म्हटले, नसतील तर ‘नो-फोर्स’. फोर्समध्ये वीज गेल्यावर पुन्हा काही करावे लागत नाही, पण प्रत्येक ग्राहकाला खतावणी पूर्ण होईपर्यंत उभे राहावे लागते. नो-फोर्समध्ये फक्त कीर्द सक्तीने उतरवली की ग्राहक मोकळा होतो. मात्र अपघातानंतर कीर्दीवरून राहिलेल्या नोंदी पुन्हा चढवाव्या लागतात. दुसरा प्रश्न उलट बाजूचा होता. स्मृतीतली जागा कमी पडली तर अपूर्ण व्यवहाराचे पान मधेच डिस्कवर उतरवण्याची मुभा द्यायची का? दिली तर ते ‘स्टील’, आणि मग तो व्यवहार रद्द झाल्यास जुनी किंमत परत आणण्यासाठी तीही कीर्दीत आधीच नोंदलेली असावी लागते. प्रत्येक निवडीबरोबर पुनरुज्जीवनाचे कोणते काम मागे लागते हे या निबंधाने स्पष्ट केले, आणि त्या कामांचा खर्च डिस्कच्या वाचन-लेखनांच्या भाषेत मोजण्याचे विश्लेषण रॉयटर यांनी पुढल्याच वर्षी स्वतंत्र निबंधात मांडले.

व्यवहारात बहुतेक मोठ्या डेटाबेसांनी नो-फोर्स आणि स्टील ही जोडी स्वीकारली, आणि त्यामुळे ग्राहकाला उभे करणारे लेखन एका छोट्या सलग नोंदीपुरते उरले. ती नोंदही स्वस्त करता येते. तबकडीच्या एका फेऱ्यात एकच एफसिंक बसत असेल तर ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कवर सेकंदाला सुमारे १२० व्यवहारांची मर्यादा पडते. पण एक फेरा चालू असताना आलेल्या सर्व व्यवहारांच्या नोंदी गोळा करून त्या एकाच फ्लशमध्ये उतरवल्या तर तेवढ्याच फेऱ्यांत हजारो व्यवहार बसतात. व्यवहार पूर्ण झाल्याची पक्की नोंद करणे म्हणजे कमिट, म्हणून याला समूह-कमिट म्हणतात. त्याचा लाभ गर्दी असतानाच मिळतो, म्हणून सर्व्हर जितका व्यग्र तितका प्रत्येक व्यवहारामागचा फ्लशचा खर्च कमी, असा सुखद परिणाम दिसतो.

खतावणी तुंबली तर

नो-फोर्समुळे खतावणीचे काम संपत नाही, पुढे ढकलले जाते. कीर्द अमर्याद वाढू दिली तर अपघातानंतर ती सुरुवातीपासून वाचत बसावे लागेल. म्हणून ठरावीक काळाने बदललेली सारी पाने डिस्कवर उतरवून ‘इथपर्यंतची कीर्द आता लागणार नाही’ अशी खूण केली जाते, तिला चेकपॉइंट म्हणतात. दर काही मिनिटांनी येणारे थबकणे बहुतेक वेळा इथून येते.

पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसचा इतिहास या दृष्टीने फार बोधक आहे. त्यात चेकपॉइंट मूळ मांडणीनुसार दर पाच मिनिटांनी होतो. पूर्वी तो सुरू झाला की पाने शक्य तितक्या वेगाने लिहिली जात आणि तेवढ्या वेळात ग्राहकांचे हाल होत. २००८ च्या ८.३ आवृत्तीत हे लेखन उपलब्ध काळावर पसरवण्याची सोय झाली. तरीही तक्रारी थांबल्या नाहीत, कारण पोस्टग्रेस जे ‘लिहीत’ होता ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या बफरमध्ये जात होते आणि चेकपॉइंटच्या शेवटी एफसिंक मागितले की सगळा साठा एकदम डिस्कवर कोसळत होता. वरच्या थराने पसरवलेले काम खालच्या थराने पुन्हा एकत्र केले होते. २०१६ च्या ९.६ आवृत्तीत यावर उपाय आला. चेकपॉइंटचे लेखन २५६ किलोबाइटएवढे साचले की ते डिस्ककडे रवाना करण्याची सूचना लिनक्सला लगेच दिली जाऊ लागली, आणि शेवटच्या एफसिंकसाठी फारसे काही उरेनासे झाले.

चेकपॉइंट वारंवार घेतले तर प्रत्येकाचा भार कमी होईल, असा तर्क इथे सहज सुचतो. परंतु तो फसवा आहे. पोस्टग्रेसचे पान ८ किलोबाइटचे असते आणि ते उतरत असताना वीज गेली तर अर्धे नवे, अर्धे जुने असे फाटके पान डिस्कवर राहू शकते. त्यापासून बचाव म्हणून चेकपॉइंटनंतर एखादे पान प्रथमच बदलले की बदलाच्या छोट्या नोंदीसोबत ते संपूर्ण पान कीर्दीत लिहिले जाते. म्हणजे प्रत्येक चेकपॉइंटनंतर कीर्द एकाएकी फुगते, आणि चेकपॉइंट जितके जवळजवळ तितके हे फुगणे अधिक. अनेक सर्व्हरांवर चेकपॉइंटमधले अंतर वाढवल्याने वेग सुधारतो तो यामुळे. त्याची किंमत अपघातानंतरच्या लांबलेल्या पुनरुज्जीवनात मोजावी लागते, आणि ती किती परवडते हे रुग्णालयाच्या सर्व्हरवर जे ठरेल तेच दुकानाच्या सर्व्हरवर ठरेल असे नाही.

‘उतरले’ या उत्तराचा भरवसा

या सर्व रचनेचा आधार एफसिंकचे उत्तर खरे असण्यावर आहे, आणि ते नेहमीच खरे नसते. डिस्कच्या आतही एक छोटा बफर असतो. काही उपकरणे मजकूर तिथे पोहोचताच काम झाल्याचे कळवतात. म्हणून सर्व्हरसाठी बनवलेल्या चांगल्या एसएसडीत वीज गेल्यावरही तो बफर रिकामा होईल एवढी ऊर्जा धरून ठेवणारे कपॅसिटर बसवलेले असतात. त्यामुळे अशा एसएसडीला बफरमध्ये आलेला मजकूर सुरक्षित मानता येतो, आणि तिथे एफसिंकला मिलिसेकंदांऐवजी मिलिसेकंदाचा अगदी छोटा अंश पुरतो. घरगुती एसएसडीचा जाहिरातीतला वेग तोच असूनही डेटाबेसखाली ती दमते, याचे हेच कारण आहे. २०१८ मध्ये पोस्टग्रेसच्या तंत्रज्ञांना याहून अस्वस्थ करणारी गोष्ट कळली. लिनक्समध्ये एखादे पान उतरवताना चूक झाली तर ती एकदा कळवली जाई, पण पान मात्र ‘उतरलेले’ असे गणले जाई. त्यामुळे पुन्हा एफसिंक मागितल्यावर यशाचे उत्तर येई आणि मजकूर गेलेला असे. फेब्रुवारी २०१९ च्या सुधारित आवृत्त्यांपासून पोस्टग्रेस एफसिंक फसताच पुन्हा प्रयत्न करीत नाही, स्वतःला बंद करून कीर्दीवरून उभा राहतो. वेगासाठी इतका आटापिटा करणाऱ्या प्रणालीने इथे वेगाचा मोह सोडला, हे योग्यच झाले.

स्मृतीतला डेटाबेस आणि न सुटलेली डिस्क

सगळा डेटा रॅममध्येच ठेवला तर हा व्यापच टळेल, ही अपेक्षा वाल्डॉर्फच्या सॅप कंपनीच्या हाना या डेटाबेसने तपासून पाहिली असे म्हणता येईल. सॅपच्या पाच संस्थापकांपैकी एक असलेले हासो प्लाटनर यांच्या पॉट्सडॅममधील संस्थेतल्या संशोधनाचा तिच्या घडणीत मोठा भाग होता. हानात वाचन रॅममधून होते; पण व्यवहार टिकला पाहिजे ही १९८३ ची अट तिलाही लागू आहे, म्हणून कमिटच्या वेळी लॉगचा फ्लश तिथेही अटळ आहे. पुष्कळ व्यवहार लिहिणाऱ्या हाना सर्व्हरचा वेग म्हणूनच त्याच्या लॉगच्या डिस्कवर ठरतो.

खतावणीही तिथे आहे. तिला सेव्हपॉइंट म्हणतात आणि मूळ मांडणीत ती दर ३०० सेकंदांनी होते. तिचे काम तीन टप्प्यांत चालते. प्रथम बदललेली पाने व्यवहार चालू असतानाच उतरवली जातात. मग एका अल्प निर्णायक टप्प्यात सर्व बदल रोखून लॉगमधले नेमके स्थान नोंदले जाते आणि दरम्यान पुन्हा बदललेली पाने गोळा होतात. शेवटी ती पानेही उतरवून काम संपते. पहिल्या टप्प्यात डिस्क मागे पडली तर दुसऱ्यासाठी अधिक पाने उरतात, रोखून धरण्याचा काळ लांबतो आणि ग्राहकाला तेच ओळखीचे थबकणे जाणवते. म्हणून हानाच्या देखभालीत या मधल्या टप्प्याच्या लांबीकडे बारकाईने पाहिले जाते.

सेव्हपॉइंट चालू असताना वीज गेली तरी फाटके पान मागे राहत नाही, कारण नवी पाने जुन्यांवर न लिहिता वेगळ्या जागी लिहिली जातात आणि सगळी उतरल्यावरच जुनी जागा मोकळी केली जाते. हेर्डर आणि रॉयटर यांच्या वर्गीकरणात पाने एकगठ्ठा बदलणाऱ्या पद्धतीसाठी वेगळे सदर आहे, आणि पोस्टग्रेससारखी जागच्या जागी लिहिणारी प्रणाली त्याच्या विरुद्ध सदरात मोडते. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की हाना शेवटच्या पूर्ण सेव्हपॉइंटची पाने उचलते आणि त्यानंतरचा लॉग त्यांवर चढवते. तो किती लांब असेल हे आधीच्या सेव्हपॉइंटनंतर किती व्यवहार झाले यावर ठरते.